चित्राच्या माथ्यावरची रेघ

चांदणी चौकाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा असतो. मागचं फळकूट उघडं, त्यावर पोती, आणि पोत्यांना टेकवलेली पुठ्ठ्याची पाटी : मुळशीचा अस्सल आंबेमोहोर, नवा. कार्तिक लागला की हा टेम्पो येतोच. बावधनला लेकाकडे राहायला आल्यापासून दरवर्षी मी तिथं थांबते, मूठभर तांदूळ हातात घेते, नाकाशी नेते आणि विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघते. वास येतो, नाही असं नाही. पण वासाचं काय घेऊन बसलात? वरच्या चार मुठी आंबेमोहोर आणि खाली भलतंच, हे मला काय नवीन आहे होय! 'तळातला दाखव,' मी म्हणते. तो म्हणतो, 'आजी, विश्वास ठेवा की.' विश्वास ठेवा म्हणणारा माणूस भेटला की मी पिशवीची घडी घालते आणि काखेत मारून चालू लागते.

सून लाजते. 'अम्मी, तुम्हाला सगळ्यांचाच संशय येतो,' म्हणते. येतो. माझा स्वभावच संशयी आहे, मी तो लपवून ठेवत नाही. दूधवाल्याचं माप, डॉक्टरची घाई, शेजारणीचं गोड बोलणं, सगळ्यांकडे मी जरा डोळे बारीक करूनच बघते. आणि भातकापणीच्या दिवसांत हा स्वभाव जरा जास्तच उफाळून येतो. इथं गॅलरीतून भाताचं एकही खाचर दिसत नाही, नुसत्या इमारती. तरी हवेत तो कोरडेपणा आला, सकाळी उन्हाला पिवळट रंग चढला, की माझ्या घशात भाताचं कूस टोचायला लागतं आणि मी मनानं पौडच्या दुकानात जाऊन बसते.

पौडच्या बाजारपेठेत आमचं रेडिओचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक पडदा. माझे मालक, हमीदभाई म्हणून सगळा तालुका ओळखायचा त्यांना, रेडिओ दुरुस्त करता करता टीव्ही विकायला लागले. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. कासार आंबोलीच्या वरच्या अंगाला टेकडीवर सरकारी मनोरा उभा राहिला होता. मुंबईहून येणारं चित्र तो झेलायचा आणि खाली आमच्या खोऱ्यात सोडायचा. गावागावांत घरांच्या कौलांवर अँटेना उगवायला लागल्या. भात घरात आलं की लोकांना टीव्ही हवासा वाटायचा, त्यामुळे आमचा हंगामही भातकापणीचाच.

त्या दिवसांची एक गोष्ट अजून हाताला आठवते. सगळीकडे झोडणी चालू असायची. पेंढ्या फळीवर आपटल्याचा आवाज आमच्या मागच्या दारापर्यंत यायचा आणि भुशाची धूळ दुकानात शिरायची. टीव्हीची काच ती धूळ ओढून घ्यायची. मी ओल्या फडक्यानं पुसायला गेले की बोटांना चुरचुर व्हायची, केस उभे राहायचे. पुसून पाठ फिरवावी तर परत बारीक सोनेरी थर. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या माघारी कुणी मुद्दाम टाकतंय.

आमची चार खाचरं होती, वाट्यानं लावलेली. भात घरात आलं की ते गिरणीत द्यायचं. गिरणीवाला माझा चुलतभाऊ. तरीसुद्धा पोतं शिवण्याआधी मी त्यात मूठभर तांबड्या सालीचं भात टाकायचे. एकटी मीच नाही, तिकडच्या बायका टाकायच्याच. भरडून आलेल्या पांढऱ्या तांदळात मधेमधे ते विटकरी दाणे दिसले, की समजायचं आपलाच माल परत आला. नाही दिसले, तर पदर खोचून गिरणीत जायचं. भाऊ म्हणायचा, 'आक्का, सख्ख्या भावागत हाय मी तुला, माझ्यावर पण खूण?' मी म्हणायचे, 'तुझ्यावर न्हाई रं, पोत्यावर हाय.' तो हसायचा. खुणेचा राग त्याला कधी आला नाही, कारण तांदूळ तो खरोखरच आमचाच द्यायचा.

हमीदभाईंचीही एक रीत होती. खोक्यातून नवा टीव्ही आला की त्याचं मागचं झाकण काढायचे आणि आतला एक स्क्रू अगदी हळू फिरवायचे. कंपनीचा टीव्ही चित्र जरा मोठंच करून दाखवतो, वरचा आणि खालचा थोडा भाग कडेच्या आड जातो. दिसायला भरलेलं दिसतं, पण बातम्या देणाऱ्याच्या टाळूला कात्री लागते आणि नाचणारीची पावलं जातात. ह्यांना ते खपायचं नाही. चित्र उभ्यातून थोडं लहान करायचे. वर-खाली दोन बोटं काळी पट्टी राहायची, पण माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसायचा. 'मुंबईनं आख्खा माणूस पाठवलाय, आपण अर्धा का द्यायचा?' असं म्हणायचे. मग स्क्रू हलू नये म्हणून काडीनं पांढऱ्या रंगाचा ठिपका लावायचे आणि झाकण बसवायचे. हे काम चालू असताना कुणी जवळ आलेलं त्यांना चालायचं नाही, मीसुद्धा नाही.

आता सांगा, संशय येणार नाही तर काय होईल? नवा कोरा टीव्ही, कंपनीनं बंद करून दिलेला, तो हा माणूस उघडतो कशाला? त्यात बाजारात कुजबुज चालली होती की पुण्यात जुन्या नळ्या, म्हणजे पिक्चर ट्यूब, नव्या डब्यांत घालून विकतात. हे दर आठवड्याला पुण्यात बुधवार पेठेतल्या रेडिओ-बाजारात जायचे, काहीबाही घेऊन यायचे. विचारलं तर 'सामान' एवढंच म्हणायचे. सामान म्हणजे काय? लग्नाला कितीही वर्षं झालेली असू देत, नवऱ्याच्या पिशवीत काय आहे ते बायकोला कळू नये, हे मला पटत नाही. एका शुक्रवारी ते नमाजाला गेले आणि दुकानात उघड्या पाठीचे टीव्ही रांगेनं उभे होते. मी कपाटातून नेलपॉलिशची लाल बाटली काढली आणि प्रत्येक नळीच्या काचेवर, मागं, कोपऱ्यात, एकेक ठिपका ठेवला. त्यानंतर नवे टीव्ही आले की तेच. नळी बदलली तर ठिपका जाणार, सरळ हिशेब. नवऱ्याच्या पोत्यात खूण टाकली म्हणून कुणी मला नावं ठेवली तर ठेवोत. भावाच्या पोत्यात टाकत होतेच की.

त्या वर्षी भात चांगलं आलं होतं आणि टीव्हीही चांगले गेले. आणि मग दिवाळीच्या आधी एका दुपारी कासार आंबोलीचे बबनराव दुकानाच्या पायरीशी आले. खांद्यावर गोधडीत गुंडाळलेला टीव्ही. पायरीवर ठेवला आणि घाम न पुसता म्हणाले, "भाई, ह्यो तुमचा माल तुमाला परत."

हे उठून उभे राहिले. "काय झालं, बबनराव? चित्र येत नाही का?"

"चित्र येतंय. चित्राच्या डोक्यावर काय येतंय त्ये बगा."

टीव्ही लावला. चित्राच्या वर जी काळी पट्टी राहायची तिच्यात, अगदी चित्राला खेटून, एक पांढरी रेघ लुकलुकत होती. सलग नाही. आधी एक जाड तुकडा, मग जागा सोडून सुईच्या टोकाएवढा ठिपका, मग काळ्यातून करडा, करड्यातून पांढरा असे चढत गेलेले तुकडे. कुणीतरी मुद्दाम आखल्यासारखं, थरथरत होतं.

"जुनी नळी घातली तुमी," बबनराव म्हणाले. "आमी काय लई शिकल्यालं न्हाई, पण येवडं कळतं. सरपंचाच्या घरी पुण्यावरनं आणल्याला टीव्ही हाय. त्याच्यात हाय का ही रेघ? न्हाई. तुमच्याच टीव्हीत का?"

ह्यांनी झाकण उघडलं. मी पडद्याआडून मान उंच केली. काचेच्या कोपऱ्यात माझा लाल ठिपका जागच्या जागी होता. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे आमचा माणूस खोटा नव्हता, जी नळी आली तीच गेली होती. पण हे मी सांगणार कुणाला आणि कसं? माझ्या नवऱ्यावर मी स्वतः पाळत ठेवली होती म्हणून तो खरा आहे, असं भर बाजारपेठेत सांगायचं? पडदा सोडला आणि चुलीशी गेले.

दुसऱ्या दिवशी आणखी एक टीव्ही आला. मग आणखी. मग टीव्ही न आणता नुसतं बोलायला येणारे आले. आमच्याकडून गेलेल्या प्रत्येक टीव्हीत ती रेघ होती आणि दुसऱ्या कुठल्याच दुकानाच्या टीव्हीत नव्हती. लोकांनी तर्क लढवले, ते ऐकून मी कपाळावर हात मारला. कुणी म्हणालं, ही दिल्लीला जाणारी गुप्त लिपी आहे. कुणी म्हणालं, घरात किती माणसं आहेत ते टीव्ही मोजतोय, मागं नसबंदीच्या वेळी असंच मोजलं होतं. एक म्हातारा म्हणाला, धरणाच्या वेळी पण आधी शेतात मोजणीचे खुंटे आले, मग पाणी आलं, आता वरनं मोजणी चाललीय. हसू नका. ज्यांच्या बापजाद्यांची गावं पाण्याखाली गेली, ते कुठल्याही रेघेला घाबरणार. मी तर म्हणते, घाबरलेलंच बरं.

पण सगळे तर्क शेवटी फिरून आमच्याच उंबऱ्याशी येत होते. रेघ दिल्लीची असो नाही तर मोजणीची, ती हमीदभाईच्या टीव्हीतून येते, म्हणजे हमीदभाईला काहीतरी ठाऊक असणार. हेच मला खात होतं. माझा नवरा अँटेना बसवायला लोकांच्या कौलांवर चढायचा, तार ओढायला थेट चुलीपर्यंत जायचा. घरात एकटी सून असली तरी 'या भाई' म्हणून लोक वाट सोडायचे. ही मुभा काही दुकानाबरोबर मिळत नाही. एकदा माणूस फसवणारा ठरला की दार अर्धंच उघडतं, आणि पौडात अत्तारांचं आमचं एकच घर, त्याला अर्ध्या दारांत राहणं परवडलं नसतं. हे जेवत नव्हते. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे आणि परत त्या टीव्हीसमोर जाऊन उकिडवे बसायचे.

मी पण बसले. एकाशेजारी एक, परत आलेले टीव्ही लावून ठेवले आणि पदराचं टोक दातात धरून बघत राहिले. बघता बघता मला एक गोष्ट खटकली. सगळ्या टीव्हींत रेघ अगदी एकसारखी होती. जाड तुकडा, ठिपका, पायऱ्या. तसूभर फरक नाही. "अहो," मी म्हटलं, "आजार असता तर प्रत्येकाचा निराळा असता. एकाचा खोकला, एकाचा ताप. हे सगळे एकच शब्द बोलतायत. हे कुणीतरी शिकवलंय त्यांना."

मग त्यांनी टेकडीच्या दिशेला पाहिलं.

कापणीच्या ऐन दिवसांत आम्ही दोघं टेकडीवर निघालो. दोन्ही बाजूंना अर्धी कापलेली खाचरं, अर्ध्यांत अजून पिवळं भात वाकलेलं. बायका विळा थांबवून आमच्याकडे बघायच्या, आम्ही पुढं गेलो की वाकायच्या. कुणी हाक मारली नाही. एरवी 'भाभी, कुटं निघाला?' असं चौघीतरी विचारतात. त्या दिवशी विळ्यांचा आवाज तेवढा मागं येत राहिला.

वर फाटकावरच्या पहारेकऱ्यानं आम्हाला असं न्याहाळलं, जणू आम्ही मनोराच उपटून न्यायला आलोय. मनोऱ्याचं काम बघणारे पाटणकर साहेब बाहेर आले. पुण्याचे, चष्मेवाले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. हमीदभाईंनी रेघेचं वर्णन केलं. साहेबांचा चेहरा बदलला.

"ती ओळ तुम्हाला दिसली?" ते म्हणाले. "ती कुणालाच दिसायला नको. कशी दिसली तुम्हाला? टीव्हीला काय केलंत तुम्ही?"

घ्या! आम्ही जाब विचारायला गेलो आणि उलट आम्हीच आरोपी. यांनी खाली मान घालून स्क्रूचं सांगितलं. "कंपनीनं लावून दिलेलं तुम्ही बदलता?" साहेब म्हणाले. "कुणी सांगितलं होतं?"

मला राहवलं नाही. "साहेब, त्यांनी स्क्रू फिरवला तो उजेडात. तुम्ही चित्राच्या वर जे काय लिहिताय ते चोरून लिहिताय. ते काय आहे ते आधी सांगा."

साहेब चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, संशय पक्का झाला असता. पण ते हसले आणि आम्हाला आत घेऊन गेले. गुरगुरणारी मोठाली कपाटं, आणि मधे एक ओबडधोबड पत्र्याची पेटी, त्यांनी स्वतः जोडलेली. टीव्हीचं चित्र म्हणजे एकाखाली एक आडव्या ओळी, हे त्यांनी बोटांनी दाखवलं. सगळ्यात वर काही ओळी रिकाम्या ठेवलेल्या असतात, चित्र खालून परत वर जाईपर्यंतची सवड म्हणून. त्या रिकाम्या ओळींत मुंबई आपली एक खूण घालून पाठवते. वाटेत चित्र बिघडलं का ते त्या खुणेवरून कळतं.

"आमचं भांडण चाललंय मुंबईशी," ते म्हणाले. "चित्र पुसट होतंय अशा तक्रारी आहेत. मुंबई म्हणते, टेकडीवर बिघडतं. मी म्हणतो, येतानाच बिघडलेलं येतं. कोण कुणाचं ऐकणार? म्हणून मी एका मोकळ्या ओळीत माझी स्वतःची खूण घातली. मला जे तपासायचंय तेवढंच तिच्यात आहे. इथून निघताना तो बारीक ठिपका टोकदार आहे आणि खाली पोचल्यावरही टोकदार आहे, म्हणजे माझा मनोरा साफ. मुंबईची खूण वर आहे, ती तुमच्याही टीव्हीत आड जाते. माझी अगदी चित्राला लागून पडली."

मी त्या पेटीकडे बोट केलं. मग म्हटलं, "म्हणजे तुम्ही पोत्यात तांबडं भात टाकलंत."

साहेबांना कळेना. हमीदभाईंनी त्यांना गिरणीची खूण समजावून सांगितली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हो," म्हणाले, "अगदी तेच."

खरं सांगते, त्या पत्र्याच्या पेटीसमोर मला पहिल्यांदाच कुणीतरी आपल्या जातकुळीचं भेटल्यासारखं वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि मुंबईवर विश्वास नाही म्हणून रिकाम्या ओळीत खूण टाकून बसलेला. मी म्हटलं, "साहेब, तुमचंही कुणी खरं मानत नाही आणि आमचंही. रविवारी सिनेमा लागायच्या आधी ती खूण काढा, परत घाला, परत काढा. लोकांना बघू दे ती कुठून येते." ते आधी नाही म्हणाले. वर कळलं तर चौकशी लागेल म्हणाले. यांनी हात जोडले नाहीत की काही नाही, फक्त म्हणाले, "साहेब, माझ्या नावाचा प्रश्न आहे." साहेबांनी पेटीवर बोटं वाजवली आणि मग होकाराची मान हलवली.

रविवारी बबनरावांच्या खळ्यावर टीव्ही मांडला. एका बाजूला भाताची रास, तिच्यावर गोणपाट. उन्हं उतरली होती. अख्खं गाव जमलं, पण सिनेमा बघायला कुणी आलं नव्हतं. एवढी माणसं चित्र सोडून चित्राच्या डोक्यावर डोळे लावून बसलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. जाहिराती चालू होत्या. रेघ लुकलुकत होती. हे टीव्हीपासून लांब, दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिले, कुणी म्हणायला नको की त्यांनीच काही दाबलं. पाटणकरांनी ऐन वेळी माघार घेतली तर? मला काय ठाऊक तो माणूस!

रेघ गेली.

"गेली की वो!" कुणीतरी ओरडलं. ती परत आली. परत गेली. परत आली. मी दातात धरलेलं पदराचं टोक सोडलं आणि बायकांच्या घोळक्याकडे वळले. "आपण गिरणीच्या पोत्यात खूण टाकतो का न्हाई? तशी टेकडीवरच्या साहेबानं टाकलीय. त्येचा मुंबईवर इस्वास न्हाई." बायकांना ते एका क्षणात पटलं. माना डोलल्या. एकजण तर म्हणाली, "बरुबर हाय त्येचं. मुंबईचा काय भरवसा!"

पण पुरुष! एकजण उठला आणि म्हणाला, "म्हंजी भाई, तुमचं न् त्या साहेबाचं साटंलोटं हाय. तुमी सांगायचं न् त्येनं रेघ घालवायची. आदी का न्हाई सांगितलं?" झालं. जो पुरावा आणला तोच गळ्याशी आला. मला इतका संताप आला की काय सांगू, आणि त्याच वेळी मनात आलं, ह्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

"आन् सरपंचाच्या टीव्हीत का न्हाई?" बबनराव म्हणाले. "त्येचं उत्तर द्या."

तेव्हा हे पुढं आले. स्क्रूचं सगळं सांगितलं. कंपनी चित्र कापते, मी कापत नाही, म्हणून दुसऱ्यांचं जे झाकलेलं राहतं ते माझ्या टीव्हीत उघडं पडलं. "स्क्रू फिरवून देतो," म्हणाले, "रेघ जाईल. पण मग तुम्ही म्हणाल, दुरुस्त केला म्हणजे खराबच होता. आणि नाही फिरवला तर म्हणाल, फसवलं. आता तुम्हीच सांगा मी काय करू."

भाताच्या राशीला टेकून बबनरावांची आई बसली होती, गंगूआजी. तिनं चष्म्याची दोरी कानामागं सारखी केली. "बबन," ती म्हणाली, "सरपंचाच्या घरी मी त्या दिशी नाचाचा कारेक्रम बगितला. पोरीला पायच न्हाईत. नुसती कमरंपासनं हालतीया. आपल्यात बगितलं तर तिच्या पावलातलं चाळ सुदिक दिसत्यात. ह्या बाबानं आपल्याला जादाच दिलंय, कमी न्हाई दिलं. माझ्या टीव्हीला हात लावायचा न्हाई. ऱ्हाऊ दे ती रेघ."

बबनरावांनी सिनेमाचा आवाज मोठा केला आणि हमीदभाईंसाठी घोंगडीवर जागा केली. एवढंच. माफी वगैरे मागायची आमच्याकडे पद्धत नाही, जागा करून देतात.

पुढचे दिवस हे सायकलवर टीव्हीवाली घरं पालथी घालत होते. प्रत्येक दारात विचारायचे, रेघ ठेवू का घालवू? बहुतेकांनी घालवा म्हटलं. लोकांना पावलं नसली तरी चालतात, पण डोक्यावर कुणाची रेघ नको असते. हे झाकण उघडायचे, स्क्रू फिरवायचे, ठिपका लावायचे, चहा प्यायचे, पुढच्या घरी. दारं पूर्ण उघडत होती. मीही भाताला ऊन दाखवत होते, पोती शिवत होते, त्यांत तांबडी मूठ टाकत होते. दुकानात परत झोडणीची धूळ यायला लागली.

सगळ्यात शेवटी ते आमच्या घरच्या टीव्हीपाशी आले. मागचं झाकण काढून खाली बसले होते, शेजारी पांढऱ्या रंगाची डबी उघडी. मी तांदूळ निवडत होते. टीव्हीच्या मागून त्यांचा आवाज आला, "अगं, तुझ्या टीव्हीचं काय करू? ठेवू का काढू?"

"ठेवा," मी म्हटलं. "खूण असलेली बरी. लक्ष राहतं."

ते हसायला लागले. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी सूप खाली ठेवून म्हटलं, एवढं हसायला काय झालं? काही नाही म्हणाले आणि रंगाची काडी घेऊन परत टीव्हीत वाकले. मला संशय आलाच, पण हंगाम होता, कामं होती. राहून गेलं.

पाटणकर साहेबांची पुढं बदली झाली आणि त्यांच्या मागोमाग ती रेघही गेली. मुंबईनं त्यांचं म्हणणं मानलं की नाही, ते कळलं नाही. गंगूआजी गेली, हमीदभाई गेले. दुकानाच्या जागी आता मोबाइलवाला बसतो. पौडचं घर आवरताना लेकानं तो जुना टीव्ही इथं आणून गॅलरीत ठेवला होता, त्यावर मी मनीप्लँटची कुंडी ठेवायचे. यंदा सुनेनं भंगारवाल्याला बोलावलं. तांदळाच्या टेम्पोशी हुज्जत घालून मी नुकतीच परत आले होते, डोकं तापलेलंच होतं. मी म्हटलं, थांब, आधी उघडून बघू दे. भंगारात देतानाही आत काय चाललंय ते मला कळायला हवं. भंगारवाला कंटाळून भिंतीला टेकला. मी स्क्रूड्रायव्हरनं झाकण काढलं.

आत कोळ्याची जाळी, आणि भाताचं बारीक कूस, इतक्या वर्षांनी. काचेच्या कोपऱ्यात माझा लाल ठिपका, आता काळपट पडलेला. आणि त्याला चिकटून, अगदी खेटून, एक पांढरा ठिपका.

स्क्रूवर पांढरा रंग लावतात. काचेवर कुणी लावत नाही.

म्हणजे बबनरावांच्या टीव्हीचं झाकण उघडलं तेव्हाच त्यांना दिसलं होतं. आणि नंतर घरोघरी, झाकण काढलं की प्रत्येक टीव्हीत बायकोचा लाल ठिपका त्यांना भेटत गेला असणार, आणि प्रत्येक घरात ते मुकाट्यानं चहा पिऊन उठले असणार. एका शब्दानं बोलले नाहीत. इतकी वर्षं माझ्या हातचं जेवले, माझ्या शेजारी झोपले, आणि बोलले नाहीत. मला रडू आलं आणि रागही आला. असा कसा हो माणूस! सांगायचं तरी, मी भांडले तरी असते.

"आजी, द्यायचाय का न्हाई?" भंगारवाला म्हणाला. त्याला वाटलं असावं, आत काही किमतीचं निघालं. मी त्याला जा म्हटलं आणि झाकण परत बसवलं.

संध्याकाळभर मी गॅलरीत त्या टीव्हीपाशी बसून होते. सगळ्या जगावर डोळे बारीक करून बसणारी मी, आणि घरातली एवढी साधी गोष्ट सुटली. त्या दिवशी मी ठेवा म्हटलं होतं, त्यांनी स्क्रू फिरवलाच नव्हता. मग रंगाची काडी कशाला हातात घेतली, हा संशय मला तेव्हाच यायला हवा होता.